वाडीतला कुत्रा आणि फ्लॅटमधला कुत्रा

कुत्र्याला काय खायला घालावं या विषयावर आपल्याकडे दोन पक्ष आहेत. पहिला म्हणतो, "आमच्या गावचा कुत्रा उरलंसुरलं खाऊन चौदा वर्षं जगला, ही पाकिटं कशाला हवीत?" दुसरा दर महिन्याला लांडग्याचं चित्र असलेली महागडी पिशवी आणतो आणि त्यात धान्याचा कणही नाही म्हणून खूश असतो. माझ्या मते दोघंही भलत्याच प्रश्नावर भांडतायत. घरचं की विकतचं, हे नंतर बघू. आधी एवढंच विचारा, की तुमचा कुत्रा किती ठिकाणी जेवतो?

जरा विस्ताराने सांगतो.

आमचं आजोळ चौल. अलिबागहून रेवदंड्याला जाताना लागतं, नारळी-पोफळीच्या वाड्यांचं गाव. वीकेंडला जाऊन आलेल्या मंडळींना रामेश्वराचं देऊळ आणि टेकडीवरचा दत्त माहीत असेल. (दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री असतात, ती काय जेवतात हे कधी कुणी विचारलेलं नाही.) मामाच्या वाडीत कायम एक मोती असतो. मोती हे नाव नाही, पद आहे. एक गेला की दुसरा रुजू होतो. तर या मोतीचा दिनक्रम असा: सकाळी मामीकडचा शिळा भात, मग शेजारी मासे साफ होत असतील तर डोकी आणि आतडी, दुपारी पलीकडच्या घरी आमटी-भात, मधल्या वेळात वाडीतला उंदीर, एखादा खेकडा, फुटलेल्या नारळाचं खोबरं, आणि आणखी काही गोष्टी ज्या जेवताना वाचणाऱ्यांसाठी इथे लिहीत नाही. म्हणजे चार-पाच स्वयंपाकघरं आणि वर अख्खी वाडी. एका घरात जे कमी पडतं ते दुसरीकडे भरून निघतं. हाडांतून कॅल्शियम, आतड्या-काळजातून जीवनसत्त्वं. कुणी हिशोब ठेवत नाही, पण काहीतरी जमून जातं.

यात फार हळवं व्हायचं कारण नाही. चौदा वर्षं जगलेला मोती सगळ्यांना आठवतो, दोन-तीन वर्षांत गेलेले मोती कुणी मोजत नाही. जे सर्व्हर बंद पडले त्यांचे लॉग वाचायचेच नाहीत आणि म्हणायचं, आमची सिस्टिम कधी पडत नाही!

फ्लॅटमधल्या कुत्र्याला मात्र एकच वाडगा असतो. आपल्या भाषेत, सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. त्या वाडग्यात जे नाही ते त्याला आयुष्यात कुठेच मिळणार नाही, आणि जे जास्त आहे ते रोज जास्त होणार. म्हणून 'गावाकडे चालतं' हा युक्तिवाद चौथ्या मजल्यावर लागू होत नाही.

हे सगळं आत्ता डोक्यात असण्याचं कारण म्हणजे पुढच्या महिन्यात मी चार महिने ऑनसाइट जातोय आणि आमचा सहा वर्षांचा लॅब्रॅडॉर तेवढे दिवस चौलला राहणार आहे. एका कुटुंबाने परदेशी जाताना तो मला दिला, तेव्हा ३३ किलोचा होता आणि जिना चढताना थांबायचा. २८ वर आणायला आठ महिने लागले. आता जिना चढतो. लॅब्रॅडॉरच्या वजनाबद्दल २००२ साली एक चांगला अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ४८ लॅब्रॅडॉर, जोड्या लावलेल्या, जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं. कमी खाणारे मध्यमानाने जवळजवळ दोन वर्षं जास्त जगले. इतका स्वस्त उपाय दुसरा कुठलाही मला माहीत नाही.

गणित सोपं आहे. कुत्र्याच्या योग्य वजनाचा घन करा, मग दोनदा वर्गमूळ घ्या (मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर होतं) आणि ७० ने गुणा. २८ किलोला साधारण ८५० कॅलरी येतात, ही नुसतं पडून राहण्याची गरज. नसबंदी झालेल्या, फारशी धावपळ नसलेल्या कुत्र्याला त्याच्या १.४ पट धरा, म्हणजे सुमारे १२००. खाऊ त्यातल्या दहा टक्क्यांच्या आत, म्हणजे १२०. आता चहाबरोबरच्या ग्लुकोज बिस्किटाकडे या. एका लहान बिस्किटात वीसेक कॅलरी. सकाळी चार, संध्याकाळी चार, म्हणजे १६०. झालं, बजेट संपलं, आणि पोटात काय गेलं तर मैदा आणि साखर.

मामाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "अरे, कुत्र्याला काय ऑफिसात जायचंय? कॅलरी कसल्या मोजतोस?"

पण एका बाबतीत मामाचंच बरोबर आहे, आणि ते म्हणजे भात. कुत्रा हा लांडगा, त्याला धान्य पचत नाही, असं पिशवीवाले सांगतात. २०१३ मध्ये स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की स्टार्च पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात मात्र चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उकिरड्याजवळ हजारो वर्षं काढल्याचा हा परिणाम. शिवाय २०१८ पासून अमेरिकेच्या एफडीएने धान्य नसलेल्या, वाटाणा-मसूर भरलेल्या खाद्याचा हृदयाच्या एका आजाराशी संबंध आहे का ते तपासायला घेतलं. कारण सिद्ध झालेलं नाही, हेही खरं. पण जास्त पैसे देऊन भात टाळावा असं त्यात मला काहीच दिसत नाही.

मग घरी भात-चिकन शिजवावं का? शिजवा, पण तेवढ्याने भागत नाही. बोनलेस चिकनमध्ये फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नाममात्र. कुत्र्याला कॅल्शियम निदान फॉस्फरसइतकं तरी लागतं. ते जेवणातून आलं नाही तर शरीर हाडांतून काढतं. पिल्लांची हाडं यातून अक्षरशः वाकतात. मोती हाडं चावून वेळ मारून नेतो, आपण हाडं काढून प्रेमाने भरवतो! अंड्याच्या कवचाची बारीक पूड हा उपाय आहे, एका ग्रॅमला साधारण ३८० मिलिग्रॅम कॅल्शियम. पण पुढे झिंक आहे, तांबं आहे, आयोडीन, ई आणि डी जीवनसत्त्व. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या पशुवैद्यकांनी पुस्तकांतल्या आणि वेबसाइटींवरच्या दोनशे घरगुती पाककृती तपासल्या. ९५ टक्क्यांत निदान एक आवश्यक घटक कमी होता. त्यातल्या काही पशुवैद्यांनी लिहिलेल्या होत्या. दूध-पोळी आणि दहीभातावर वाढणाऱ्या आपल्या शाकाहारी कुत्र्यांचं काय, हे विचारूच नका.

म्हणून माझं मत असं, की रोजच्या कॅलरींपैकी नव्वद टक्के अशा खाद्यातून द्याव्यात ज्यावर 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' आणि कुठल्या वयासाठी ते स्पष्ट लिहिलंय. ग्रेव्हीच्या बऱ्याच पाकिटांवर ते नसतं, उलटून बघा. उरलेले दहा टक्के घरचे. पूर्णपणे घरचंच द्यायचं असेल तर जरूर द्या, पण पोषणातल्या जाणकार पशुवैद्याकडून आपल्या कुत्र्यासाठी पाककृती लिहून घ्या. आणि मोठ्या जातीच्या पिल्लाला पूर्ण खाद्य चालू असताना वरून कॅल्शियमचं टॉनिक पाजू नका. जास्त कॅल्शियमनेही त्यांची हाडं बिघडतात.

चौलसाठी मामीच्या हातात एक कागद दिलाय. उकडलेला बांगडा चालेल, काटे काढून. कच्चा नको, खारवलेला तर अजिबात नको. कांदा बंद, आणि इथे मामी अडली, कारण अलिबागचा पांढरा कांदा गोड, लोक फळासारखा खातात. पण गोड असला तरी कांदाच, आणि कांद्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, कच्चा असो की आमटीतला. चिंचेची आमटीही बंद. द्राक्षांतलं जे टार्टारिक आम्ल कुत्र्याची किडनी बिघडवतं असा पशुवैद्यांचा २०२१ पासून दाट संशय आहे, ते चिंचेत भरपूर असतं. द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि शुगरफ्री च्युइंगगम हे तर तुम्हाला माहीत असेलच. उघडलेली पिशवी डब्यात घट्ट बंद. किनाऱ्यावरच्या दमट हवेत बुरशी धरायला वेळ लागत नाही.

शेजारच्या चार घरांत काय सांगायचं, हे मामीने स्वतःकडे घेतलंय. वजन करायला मामाचा सुपारीचा प्लॅटफॉर्म काटा आहे, कुत्रा त्यावर निवांत उभा राहतो. दर रविवारी आकडा व्हॉट्सअ‍ॅपवर येईल. बिस्किटांवर बरीच घासाघीस झाली. मामा दिवसाला दोनवर आलाय.