मने तयार होईपर्यंत थांबायचे कुणी?

निगडीतल्या एका व्याख्यानात परवा ऐकले: आधी माणसांची मानसिकता बदला, नियम मागून बदलतील, नेत्याचे काम स्वप्न दाखवण्याचे. कारखान्यातल्या बायकांविषयी वक्ते म्हणाले, 'पुरुष कामगारांची मने अजून तयार नाहीत.' टाळ्या पडल्या. मला हे म्हणणे घातक वाटते.

हे कारण जुनेच आहे. 1891 मध्ये संमतिवय 10 वरून 12 वर नेणारा कायदा आला तेव्हाही पुण्यात हेच गाजले: आधी शिक्षण, मग सुधारणा, कायद्याची घाई नको. थांबण्याची किंमत ज्या मुली मोजत होत्या, त्यांना विचारले कुणी?

आता आपल्या पिंपरी-चिंचवड पट्ट्यातले बघा. 1974 मध्ये टेल्कोच्या, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या, नोकरीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे छापले होते. सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड धाडले. पुण्यात मुलाखत झाली, नोकरी मिळाली. शॉपफ्लोअर मनाने तयार होण्याची वाट पाहिली असती, तर ते पोस्टकार्ड फायलीतच पडून राहिले असते. शिवाय बदल वरून सुचला नव्हता, तो खालून मागितला गेला होता.

मग पुढे कित्येक वर्षे कारखान्याच्या लाइनवर बायका इतक्या कमी का? मनांकडे बोट दाखवण्याआधी 1948 चा कारखाने अधिनियम वाचा. संध्याकाळी 7 ते सकाळी 6 बायकांना कामाला मनाई होती! पाळ्या फिरत्या, आणि ही बाई फक्त पहिल्या पाळीला चालणार. सुपरवायझर तिला घेईल कशाला? महाराष्ट्राने 2015 मध्ये सुरक्षेच्या आणि ने-आणीच्या अटींवर ही मनाई उठवली. 2022 मध्ये टाटा मोटर्सच्या पुण्यातल्या कारखान्यात हॅरिअर आणि सफारीची लाइन बायकांच्या हाती आली. त्या लाइनवरून उतरलेली गाडी तपासणीत पास होते, तेव्हा 'बायकांना जमत नाही' हे गृहीतक मोडते. व्याख्यानाने ते मोडलेले मी पाहिलेले नाही.

भाषणाने हुरूप येतो, मान्य. तो पाळी सुटेपर्यंतही टिकत नाही.

नेत्याने करायचे ते एवढेच: आडवी येणारी अट शोधायची, आपल्या सहीने काढायची आणि त्यानंतरची कुरकुर स्वतः झेलायची. रात्रपाळीची बस निगडीच्या भक्ती-शक्ती चौकात न थांबता मुलीच्या दारापर्यंत जाऊ दे. लाइनवर सुपरवायझर बाई नेमा. मानसिकतेचे वर्ग त्यानंतर भरवा, आणि शिकवायला त्या बाईलाच उभी करा.