वैनगंगेच्या कांठचें पवनी

जेथें पिकतें तेथें विकत नाहीं, ही म्हण मालास लागू पडते तशी गांवांसही पडते. आम्हीं तीस वर्षांहून अधिक काळ मुलांस इतिहास शिकविला. रोम व अथेन्स येथील वर्णनें त्यांजकडून तोंडपाठ करवून घेतलीं; परंतु आपल्याच भंडारा जिल्ह्यांत दोन सहस्र वर्षांहून जुनें एक नगर आहे, हें एकदांही सांगितलें नाहीं. त्या दोषाचें अल्पसें परिमार्जन म्हणून या महिन्याचें सदर पवनीकडे वळवितों.

भंडाऱ्याच्या दक्षिणेस, वैनगंगेच्या तीरीं हें गांव वसलें आहे. एका अंगास नदीचें विस्तीर्ण पात्र आणि इतर बाजूंस मातीचा उंच तट व खंदक, अशी त्याची जुनी रचना. तटांतून आंत शिरावयाच्या वेशीस आज जवाहर दरवाजा म्हणतात. नदीकडे उतरणारे दगडी घाट व त्यांवरील देवळें यांमुळें पवनीस विदर्भाची काशी असें नांव पडलें. येथील कोष्ट्यांच्या मागांवर निघणारीं रेशीमकाठी वस्त्रें एके काळीं प्रसिद्ध होतीं. आज नदीच्या वरच्या अंगास गोसीखुर्दचें प्रचंड धरण उभें आहे. त्याची कोनशिला १९८८ सालीं बसली. त्याच्या पाण्याखालीं तालुक्यांतील कित्येक गांवें गेलीं, हेंही विसरतां येत नाहीं.

परंतु पवनीचें खरें महत्त्व गांवाबाहेरील जगन्नाथ टेकडींत दडलें होतें. टेकडीवर जगन्नाथाचें देऊळ; भाविक येत, दर्शन घेत, परत जात. पायांखालीं काय आहे याची कोणास कल्पना नव्हती. १९६९-७० सालीं नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनीं डॉ. शां. भा. देव व जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखालीं तेथें उत्खनन केलें, आणि विटांचा एक विशाल बौद्ध स्तूप प्रकाशांत आला. त्याभोंवतीं कोरीव दगडी कठडा होता. एका शिल्पांत बुद्धावर फणा धरणारा मुचलिंद नाग दाखविला असून बुद्धाच्या जागीं केवळ रिकामें आसन आहे.

तत्पूर्वींच महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं येथील भगदत्त नामक भार राजाचा लेख वाचून प्रसिद्ध केला होता. परंतु आमचें मन राजाच्या लेखापेक्षां कठड्यावरील लहान लेखांत अधिक गुंतलें. ते ब्राह्मी लिपींत व प्राकृत भाषेंत आहेत. ज्यानें दगड दिला त्याचें नांव आणि ‘दान’ हा शब्द, एवढाच त्यांचा मजकूर. एका लेखांत मात्र दानाबरोबर सर्व प्राण्यांच्या सुखाची इच्छाही कोरलेली आहे. कोणा एका सम्राटानें नव्हे, तर अनेकांनीं एकेक दगड देऊन हें काम उभें केलें.

गेल्या कार्तिकांत आम्ही नातवास घेऊन पवनीस गेलों होतों. तटाच्या उतारावर एक मध्यमवयीन गृहस्थ घर सारविण्याकरितां माती खणून टोपल्यांत भरीत होता. आम्हांस संताप आला. चार कठोर शब्द बोलणार, तोंच त्यानें कुदळ खालीं ठेवून आम्हांस वांकून नमस्कार केला. तो आमचाच जुना विद्यार्थी निघाला. तट किती जुना आहे हें सांगितल्यावर तो ओशाळून म्हणाला, ‘गुरुजी, हें आपण वर्गांत कधीं सांगितलें नाहीं.’ आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. त्यानें भरलेली टोपली तेथेंच रिती केली.

पवनीजवळ रुयाड येथें भारतीय व जपानी बौद्धांच्या सहकार्यानें एक नवा महास्तूप उभारला गेला आहे. समुद्रापलीकडील माणसांस ज्या भूमीचें एवढें अगत्य, तिची ओळख शेजारच्या घरांतील मुलांस नसावी काय? आमची वाचकांस एवढीच विनंती आहे: येत्या सुटींत मुलांसुनांसह पवनीस जा, घाटावर स्नान करा, टेकडीवर जगन्नाथाचें दर्शन घ्या आणि खालच्या विटा कोणाच्या हें मुलांस सांगा. वडीलधाऱ्यांनीं घरांत सांगितलें, तर मुलें तटाची माती खणणार नाहींत.