चित्रपटातील श्रम आणि सारा पॉली

१९९५ सालच्या सप्टेंबर महिन्यात, कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताच्या विधिमंडळाचे अधिवेशन टोरंटो येथे सुरू होत असताना, बाहेर निदर्शक आणि दंगलविरोधी पोलीस यांच्यात झटापट झाली. जून महिन्यात सत्तेवर आलेल्या माइक हॅरिस यांच्या पुराणमतवादी सरकारने निराधारांना मिळणाऱ्या सरकारी साहाय्यात २१.६ टक्के कपात जाहीर केली होती. या धोरणाचे सत्ताधाऱ्यांनी केलेले बारसे ‘व्यवहारज्ञानाची क्रांती’ असे होते! त्या झटापटीत पोलिसांचा मार बसून एका सोळा वर्षांच्या मुलीचे दोन दात पडले. ही मुलगी निराधार कुटुंबातली नव्हती. सरकारी दूरचित्रवाणीवरील एका लोकप्रिय मालिकेची ती नायिका होती आणि तिचा चेहरा देशातील घराघरांत परिचित होता. तिचे नाव सारा पॉली.

अभिनेत्री, पटकथाकार आणि दिग्दर्शिका म्हणून सारा पॉली यांनी पुढे जे नाव मिळवले, त्याचा वृत्तांत वृत्तपत्रांच्या चित्रपट-पुरवण्यांत पारितोषिकांच्या यादीच्या रूपाने येत असतो. त्या यादीने फारसे काही कळत नाही. चित्रपट हा कलेइतकाच उद्योग आहे, त्यात भांडवल आहे, मजुरी आहे, कामाचे तास आहेत आणि धोकाही आहे. तो धोका कोणी पत्करायचा आणि त्याचा मोबदला कोणाच्या पदरात पडायचा, हा प्रश्न कोळशाच्या खाणीत जितका खरा तितकाच चित्रीकरणाच्या सेटवरही खरा आहे. पॉली यांच्या कारकिर्दीचे मोल या प्रश्नाच्या संदर्भातच नीट जोखता येते.

त्यांचा जन्म ८ जानेवारी १९७९ रोजी टोरंटो येथे झाला. आई-वडील दोघेही नाट्यव्यवसायाशी संबंधित असल्यामुळे बालपणीच कॅमेऱ्यापुढे उभे राहणे ओघाने आले. आठ-नऊ वर्षांच्या वयात टेरी गिलियम यांच्या ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ बॅरन मुनचाउसेन’ (१९८८) या अवाढव्य चित्रपटात तिला भूमिका मिळाली. युद्धाच्या दृश्यांत खऱ्या स्फोटांच्या मधून त्या मुलीला धावावे लागले. एकदा अगदी जवळ स्फोट झाल्याने तिला इस्पितळात न्यावे लागले. चित्रपटाचा खर्च अंदाजपत्रकाच्या कितीतरी पुढे गेला आणि तिकीटखिडकीवर तो सपशेल आपटला. गुंतवणूकदारांचे नुकसान किती झाले हे हिशेबाच्या वहीत नोंदले गेले. त्या मुलीच्या मनात जी भीती कायमची घर करून बसली, तिचे खाते कोणत्याच वहीत उघडले गेले नाही.

२००५ साली गिलियम पुन्हा एका लहान मुलीला घेऊन चित्रपट करीत आहेत असे कळल्यावर पॉली यांनी त्यांना पत्र लिहून त्या अनुभवाची जाणीव करून दिली. उत्तराचा सूर साधारण असा होता, की मुलीला जे भयंकर वाटले ते वस्तुतः तितके धोक्याचे नव्हते. (कारखान्यातील अपघातानंतर व्यवस्थापनाकडून हेच उत्तर येते, हे कामगार चळवळीतल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.) ‘रन टुवर्ड्स द डेंजर’ या २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधसंग्रहात पॉली या विषयाकडे पुन्हा वळल्या आहेत. लहरी, बेफाम, प्रतिभावंत पुरुष-दिग्दर्शकाची जी दंतकथा चित्रपटसृष्टीने जोपासली आहे, तिचा त्यांनी तेथे समाचार घेतला आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर ही दंतकथा म्हणजे खर्च लपविण्याचे एक साधनच आहे. प्रतिभेच्या नावावर निष्काळजीपणा खपतो आणि त्याची किंमत ज्यांना नाही म्हणण्याची सोय नाही त्यांच्याकडून वसूल होते. लहान मुलाइतका असा निरुपाय दुसऱ्या कोणत्या श्रमिकाचा असणार?

‘रोड टू ॲव्हनली’ ही मालिका १९९० मध्ये सुरू झाली आणि त्याच जानेवारीत, सारा अकरा वर्षांची असताना, तिची आई कर्करोगाने वारली. मालिकेचे काम थांबले नाही. अमेरिकेत ही मालिका डिस्ने कंपनीच्या वाहिनीवरून दाखवली जात असे. आखाती युद्धाच्या काळात एका पारितोषिक समारंभाला ही बारा वर्षांची मुलगी गळ्यात शांततेचे चिन्ह घालून गेली. कंपनीच्या अधिकाऱ्यांनी ते काढण्यास सांगितले आणि तिने साफ नकार दिला. पुढे शाळा अर्ध्यावर सोडून ती दारिद्र्यविरोधी आंदोलनात शिरली. १९९६ साली न्यू डेमोक्रॅटिक पार्टी या समाजवादी परंपरेतील पक्षाच्या ऑन्टारिओतील नेतेपदाची निवडणूक झाली, तेव्हा पक्षाच्या डाव्या बाजूचे उमेदवार पीटर कोर्मोस यांचे नाव सुचविणारे भाषण तिने केले. कोर्मोस हरले.

या पार्श्वभूमीवर अभिनेत्री म्हणून त्यांनी केलेली निवड समजते. ॲटम इगोयन यांच्या ‘द स्वीट हिअरआफ्टर’ (१९९७) या चित्रपटाने त्यांच्याकडे जगाचे लक्ष गेले. लगेच हॉलिवूडचे दरवाजे उघडले. ‘ऑलमोस्ट फेमस’ या मोठ्या अमेरिकी चित्रपटातील भूमिका मात्र त्यांनी सोडून दिली आणि मायदेशात एका लहानशा चित्रपटात काम केले. इसाबेल कोइशे या स्पॅनिश दिग्दर्शिकेच्या ‘माय लाइफ विदाउट मी’ (२००३) मध्ये त्यांनी रात्रपाळीत झाडलोट करणारी, आईच्या घराच्या मागील अंगणात उभ्या केलेल्या फिरत्या घरात संसार करणारी तरुणी उभी केली. व्यावसायिक चित्रपट त्यांनी केलेच नाहीत असे मुळीच नाही. २००४ साली मुडदे उठून चालू लागतात अशा थाटाच्या भयपटातही त्या होत्या. संन्यासाचा आव त्यांनी आणला नाही हे बरेच झाले.

कॅनडात राहून चित्रपट करणे म्हणजे काय, हे मात्र थोडे उलगडून सांगायला हवे. हॉलिवूडच्या हिशेबात कॅनडा हा परदेश नाहीच. तिकीटविक्रीचे आकडे अमेरिका आणि कॅनडा मिळून एकच ‘देशांतर्गत बाजारपेठ’ म्हणून मोजले जातात. १९४८ साली तर एक विलक्षण सौदा झाला. कॅनडाने आपल्या चित्रपटगृहांत देशी चित्रपटांसाठी राखीव वाटा ठेवू नये, त्या बदल्यात हॉलिवूडने आपल्या चित्रपटांत अधूनमधून कॅनडाचा उल्लेख करून पर्यटनाला हातभार लावावा! असा बाजार ज्याच्या उंबरठ्यावर आहे, त्या देशात इंग्रजी चित्रपट टिकतो तो सार्वजनिक पैशावर. १९३९ साली स्थापन झालेले नॅशनल फिल्म बोर्ड, नंतरच्या काळातील टेलिफिल्म आणि करसवलती, असे हे टेकू आहेत. २००८ साली पुराणमतवादी केंद्र सरकारने या टेकूलाच हात घातला. सी-१० नावाच्या विधेयकातील एका कलमान्वये, सरकारला आक्षेपार्ह वाटेल त्या चित्रपटाची करसवलत नाकारण्याचा अधिकार मंत्र्याला मिळणार होता. सेन्सॉरचे काम खजिन्याकडून करून घेण्याची ही युक्ती होती. सिनेटच्या समितीपुढे जाऊन तिला विरोध करणाऱ्यांत पॉली होत्या. त्याच वर्षीच्या निवडणुकीच्या धामधुमीत सरकारने ते कलम सोडून दिले.

तोवर त्या दिग्दर्शिका झाल्या होत्या. ॲलिस मन्रो यांच्या कथेवरील ‘अवे फ्रॉम हर’ (२००६) हा त्यांचा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. स्मृतिभ्रंश होत चाललेली वृद्ध पत्नी आणि पूर्वायुष्यात तिची प्रतारणा केलेला पती यांची ही कहाणी सत्तावीस वर्षांच्या दिग्दर्शिकेने इतक्या संयमाने सांगावी, याचे आश्चर्य वाटते. पटकथेसाठी त्यांना ऑस्करचे नामांकन मिळाले. ‘टेक धिस वॉल्ट्झ’ (२०११) त्या तोडीचा नाही. ‘स्टोरीज वुई टेल’ (२०१२) हा नॅशनल फिल्म बोर्डाने निर्माण केलेला माहितीपट मात्र त्यांच्या सर्व कामांत सरस मानावा लागेल. आपले जन्मदाते वडील म्हणजे ज्यांनी वाढवले ते मायकेल पॉली नव्हेत, तर चित्रपटनिर्माते हॅरी गल्किन आहेत, हे त्यांना प्रौढपणी समजले. गल्किन हे तरुणपणी कम्युनिस्ट आणि खलाशांच्या संघटनेचे कार्यकर्ते होते. ही कथा सांगण्याचा खरा अधिकार ज्या दोघांत ती घडली त्यांचाच, असे गल्किन यांचे म्हणणे. पॉली यांनी तो एकाधिकार अमान्य केला आणि भाऊ, बहिणी, आईचे स्नेही अशा सर्वांना बोलते केले. कथेची मालकी सामाईक ठेवण्याचा हा निर्णय होता.

मध्यंतरी एक छोटा प्रसंग घडला. हृदयविकाराविषयी जागृती करण्यासाठी म्हणून त्यांनी दोन मिनिटांचा लघुपट केला. २०१० च्या ऑस्कर समारंभाच्या प्रक्षेपणात तो दाखवला जाणार होता. त्यातून एका मार्गारिनची जाहिरात साधली जात आहे हे लक्षात येताच त्यांनी लघुपटावरून आपले नाव काढून घेतले. श्रम विकला गेला होता, तो परत घेता येत नव्हता. नाव तेवढे हातात होते.

२०१५ साली डोक्याला झालेल्या दुखापतीने त्यांची काही वर्षे गेली. त्यानंतरचा त्यांचा चित्रपट ‘विमेन टॉकिंग’ (२०२२). बोलिव्हियातील मॅनिटोबा नावाच्या मेनोनाइट वसाहतीत २००५ ते २००९ या काळात शंभराहून अधिक स्त्रियांना आणि मुलींना जनावरांच्या गुंगीच्या औषधाने बेशुद्ध करून त्यांच्यावर बलात्कार झाले. २०११ साली सात जणांना पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. त्यावरून मिरियम टेव्झ यांनी २०१८ मध्ये कादंबरी लिहिली आणि पॉली यांनी तिची पटकथा केली. चित्रपटात अत्याचार दाखवलेला नाही. गवताच्या माळ्यावर अक्षरशत्रू स्त्रिया जमतात. काहीच करायचे नाही, राहून लढायचे, की निघून जायचे, अशी तीन चित्रे काढून त्यांखाली खुणा करून त्या मतदान करतात आणि मग तासन् तास वाद घालतात. रडतात, हसतात, एकमेकींवर चिडतात, पण बैठक मोडत नाहीत. ज्यांनी संघटनेच्या बैठकांत रात्री जागवल्या आहेत त्यांना हा चित्रपट परका वाटणार नाही.

या चित्रपटाच्या चित्रीकरणाचा दिवस दहा तासांपुरता मर्यादित ठेवण्यात आला होता. कॅनडा-अमेरिकेच्या चित्रपटसृष्टीत बारा-चौदा तासांचा दिवस नित्याचा आहे. ज्यांना मुले आहेत त्यांनी रात्री मुलांपाशी असावे हा त्यामागील हेतू होता. पॉली स्वतः तीन मुलांच्या आई आहेत. विषयाचा ताण असह्य होणाऱ्यांसाठी सेटवर समुपदेशकाचीही व्यवस्था होती. स्फोटांमधून धावलेल्या मुलीने दिग्दर्शकाच्या खुर्चीत बसल्यावर केलेला हा बदल आहे. तो एका चित्रपटापुरता आहे हे खरे, आणि चांगल्या मालकाच्या मर्जीने मिळालेला लहान दिवस हा करारात लिहिलेल्या लहान दिवसाला पर्याय नव्हे, हेही तितकेच खरे.

मार्च २०२३ मध्ये रूपांतरित पटकथेसाठी पॉली यांना ऑस्कर मिळाले. प्रत्येक मुद्द्यावर एकमत नसलेल्या माणसांनी एकत्र बसून हिंसेविना मार्ग काढणे या लोकशाही कृतीचा त्यांनी व्यासपीठावरून गौरव केला. चित्रपट ज्या एमजीएम कंपनीच्या छत्राखाली निघाला, ती त्याच्या आदल्या वर्षीच ॲमेझॉनने सुमारे साडेआठ अब्ज डॉलरला विकत घेतली होती. समारंभानंतर दोन महिनेही उलटले नाहीत तोच, २ मे २०२३ रोजी, अमेरिकेतील पटकथालेखक संपावर गेले. ज्या कंपन्यांविरुद्ध तो संप होता त्यांत ॲमेझॉनही होती. संप १४८ दिवस चालला.