संकल्प सोडला, उद्यापनाचे काय?

आश्विन शुद्ध प्रतिपदेला माहूरगडावर रेणुकामातेची घटस्थापना होते, आणि त्याच दिवशी मराठवाड्यातील घराघरांत देव्हाऱ्याजवळ पत्रावळीवर काळी माती पसरून तीत धान्य पेरले जाते. पुढचे नऊ दिवस घरातील गृहिणी काय करते? रोज एक माळ वाढविते, दिव्यात तेल घालते आणि मातीवर ओंजळभर पाणी शिंपडते. पहिल्याच दिवशी घागर ओतली तर बी कुजते. दोन दिवस विसर पडला तर अंकुर करपतो. ध्येयपूर्तीविषयी बाजारात आज कितीतरी ग्रंथ मिळतात. त्यांचे सार या पत्रावळीत सामावले आहे.

आपल्याकडे धर्मकृत्यापूर्वी संकल्प सोडतात. हातावर पाणी घेऊन देशकालाचा उच्चार करावयाचा, नाव-गोत्र सांगावयाचे, कोणते कर्म करणार ते बोलावयाचे आणि मग पाणी सोडावयाचे. कोण, कोठे, केव्हा आणि काय, या चार प्रश्नांची उत्तरे दिल्यावाचून संकल्प होत नाही. ‘यंदा वाचन वाढवीन’, ‘प्रकृतीकडे लक्ष देईन’ ही आपली नेहमीची वाक्ये या कसोटीवर लावून पाहावीत. त्या इच्छा आहेत, संकल्प नव्हेत. रोज पहाटे साडेपाचला गावाबाहेरच्या मारुतीपर्यंत चालत जाईन, हा संकल्प झाला. कारण तो मोडला की मोडल्याचे त्याच दिवशी कळते.

मराठवाड्याशी जोडलेली दोन आयुष्ये या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहेत. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळकांचे निधन झाले, तेव्हा सोलापुरात शिकणाऱ्या व्यंकटेश खेडगीकर या विद्यार्थ्याला सतरावे वर्षही पुरे झाले नव्हते. आजन्म ब्रह्मचारी राहून मातृभूमीची सेवा करण्याची प्रतिज्ञा त्याने त्या प्रसंगी केली. पुढे आजारपणामुळे कामगार चळवळीतील काम सोडावे लागले. प्रतिज्ञा सुटली नाही. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, १९३२ मध्ये संन्यासदीक्षा, अंबाजोगाईचे योगेश्वरी विद्यालय, १९३८ चा सत्याग्रह, निझामाचा तुरुंग, असा एकेक टप्पा जोडीत स्वामी रामानंद तीर्थ १७ सप्टेंबर १९४८ या दिवसापर्यंत पोहोचले. प्रतिज्ञा आणि हैदराबाद-मुक्ती यांत अठ्ठावीस वर्षे गेली. त्यांतील कितीतरी दिवस वर्गात फळ्यासमोर उभे राहण्यात, कोणाच्या डोळ्यांत न भरता गेले. ती पत्रावळीवरची ओंजळ होती.

दुसरे आयुष्य नानाजी देशमुखांचे. हिंगोली जिल्ह्यातील कडोळी हे त्यांचे जन्मगाव. १९७७ मध्ये ते लोकसभेवर निवडून आले. मंत्रिपद समोर आले असता त्यांनी ते स्वीकारले नाही. आणि साठी ओलांडलेल्यांनी सत्तेच्या राजकारणातून बाजूला व्हावे, असे सांगून प्रथम ते स्वतः बाजूला झाले. पुढचा काळ त्यांनी गोंडा आणि चित्रकूट येथील ग्रामविकासाला दिला. २०१० मध्ये त्यांच्या निधनानंतर इच्छेनुसार देहदान झाले. आरंभाइतकाच शेवटही ठरविलेला असावा, हे त्यांच्याकडून शिकावे.

हे लिहिताना हात अडखळतो, तो स्वतःच्या आठवणीने. दहा-बारा वर्षांपूर्वी नवरात्रात माहूरच्या पायऱ्या उतरताना मी मनाशी ठरविले होते, की किनवट-माहूर भागातील वृद्ध स्वातंत्र्यसैनिकांच्या आठवणी टिपून ठेवायच्या. नवी वही आणली, पहिल्या पानावर पाच नावे लिहिली. मग दिवाळी आली, निवडणुका आल्या, मुलीचे लग्न आले. अखेर त्यांतील एका आजोबांच्या दारी गेलो, तेव्हा त्यांचा तेरावा नुकताच झाला होता. सुनेने पाणी दिले आणि एवढेच म्हणाली, “तुम्ही येणार म्हणून दोनदा धुतलेलं धोतर नेसून बसले होते.”

त्या वाक्यापुढे माझी सारी कारणे संपली. त्याच रात्री उरलेल्या चार नावांपुढे चार तारखा लिहिल्या: दर रविवारी सकाळी दहा वाजता एक घर. पत्नीला वही दाखविली, म्हणजे रविवारी कोणीतरी विचारणारे असावे. महिन्याभरात चौघांच्याही आठवणी लिहून झाल्या. दोन वर्षे जे काम डोंगराएवढे वाटत होते, ते चार रविवारांचे होते. पाचवे पान मात्र कोरेच आहे.

म्हणून वाचकांना विनंती एवढीच, की येत्या घटस्थापनेला संकल्प एकच करावा, पण पुरा करावा. त्याला दिवस, वेळ आणि जागा द्यावी. घरातील एका माणसाला साक्षी ठेवावे. उद्यापनाची तिथी त्याच दिवशी लिहून ठेवावी. एखादा दिवस चुकला तर व्रत बुडाले असे समजू नये. दुसऱ्या दिवशी माळ घालावी आणि पुढे चालावे. नवरात्र संपल्यावर आपण घटातले कोवळे धान टोपीत खोवतो. ते मिरविण्याचा अधिकार नऊही दिवस पाणी घालणाऱ्याचा असतो.