हेलिकॉप्टर आले, सुट्या भागांचे काय?

फौजेसाठी हेलिकॉप्टर घेतल्याची बातमी आली की किती नग आणि किती कोटी, एवढेच छापून येते. आम्ही पडलो कापडाचे व्यापारी. आमचा पहिला सवाल वेगळा : सुटे भाग कोण देणार, किती दिवसांत आणि कोणत्या चलनात?

रशियन बनावटीचे एमआय-८ घ्या. त्याचे पहिले उड्डाण १९६१ चे. आपल्या हवाई दलाने ते १९७० च्या दशकात घेतले आणि २०१७ मध्ये निवृत्त केले. त्याचाच धाकटा भाऊ एमआय-१७. त्यातील व्ही-५ या नव्या प्रकारच्या ८० नगांचा करार २००८ मध्ये झाला, पुढे वाढत तो आकडा १५१ वर गेला. सियाचीनला रसद न्यायची असो की पुरात अडकलेली माणसे काढायची असोत, भार याच हेलिकॉप्टरवर.

आता कारखान्यांचा नकाशा पहा. हेलिकॉप्टर जुळते रशियात, कझान आणि उलान-उदे येथे. इंजिने मात्र वर्षानुवर्षे बनत युक्रेनच्या झापोरिझियात. सोव्हिएत संघ एक होता तोवर यात काही अडचण नव्हती. १९९१ मध्ये तो फुटला आणि एका मालाचे दोन मालक झाले. रुपया-रूबल व्यवहारही त्याच वेळी कोसळला. आपली होजिअरी, चामडे, चहा त्याच हिशेबात तिकडे जात असे, म्हणून ती झळ आमच्या बाजारालाही लागली. २०१४ नंतर युक्रेनने रशियाला लष्करी माल देणे बंद केले, तेव्हा रशियाला इंजिने स्वतः बनवावी लागली. २०२२ च्या युद्धानंतर तर काही रशियन बँका स्विफ्टमधून वगळल्या गेल्या. माल तयार आणि पैसे पाठवायला वाट नाही, ही पंचाईत व्यापाऱ्यास वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

यावर उपाय म्हणून अमेरिकन माल घ्यावा, असे काही जण म्हणतात. १५ चिनूक घेतलेही. २०१९ पासून ती चंदीगडला दाखल होऊ लागली. पण दुकान बदलले म्हणून उधारी संपत नाही. त्या दुकानाच्या चाव्याही परक्याच हातात आहेत.

आमच्या मते खरे काम घरातच आहे. रोटरचे पाते किंवा गिअरबॉक्स गल्लीतल्या लेथवर होणार नाही, आणि होऊही नये. तिथे प्रत्येक भागाचे तास मोजलेले असतात, कागदाशिवाय साधा नटही चढवता येत नाही. पण सीटचे पट्टे, माल बांधायची जाळी, ताडपत्री, आच्छादने? हे तर विणकराचे आणि शिवणकाराचे काम. संरक्षण खात्याने २०२० मध्ये सृजन नावाचे पोर्टल काढून त्यावर बाहेरून येणाऱ्या वस्तूंची यादी ठेवली. आमच्यापैकी किती जणांनी ती उघडून पाहिली?

सरकारलाही सांगणे आहे. छोट्या कारखानदाराचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा २००६ पासून आहे. आम्ही एका सरकारी खात्याला चादरी पुरवल्या, त्यांचे बिल आठ महिने फिरत राहिले. नमुना तपासणीचा खर्च कारागिराने सोसायचा, माल पास झाला तरी ऑर्डर मिळेलच याची हमी नाही, आणि वर पैशांसाठी खेटे घालायचे. असे असेल तर विणकर आपले माग साडीवरच चालू ठेवील.