न वाजणाऱ्या तारा

इलेक्ट्रिक गिटार शिकणाऱ्यांत एक समजूत फार घट्ट रुजलेली आहे: संथ सोलो सोपा, जलद सोलो अवघड. त्यामुळे 'पिंक फ्लॉइड'च्या 'कम्फर्टेबली नम्ब' (१९७९) या गाण्यातले डेव्हिड गिल्मरचे दोन सोलो शिकणाऱ्यापुढे फार लवकर येतात आणि 'बसले' असे मानून तितक्याच लवकर बाजूला ठेवले जातात. सूर मोजके, लय मिनिटाला ६०-६५ मात्रांच्या आसपास. मग यात अवघड ते काय? आमच्या मते वादकाची खरी परीक्षा होते ती इथेच. जलद तानेत निसटलेला सूर पुढच्या सुराच्या आड लपू शकतो. संथ सुराला लपायला जागा नसते.

या समजुतीचा बराचसा दोष 'टॅब' नावाच्या लिपीकडे जातो. सहा तारांच्या सहा रेघा आणि त्यांवर पडद्यांचे आकडे, एवढाच तिचा पसारा. बोट कुठे ठेवायचे ते ती अचूक सांगते. सूर कसा उच्चारायचा याविषयी ती जवळजवळ मुकी आहे. ती वाचून सोलो वाजवणारा विद्यार्थी हा अक्षरओळखीच्या बळावर कविता म्हणणाऱ्या मुलासारखा असतो. शब्द सगळे येतात, ओळ येत नाही.

'बेंड'चेच पाहा. तार पडद्यावर दाबून आडवी ओढायची, म्हणजे सूर चढतो. सतारीवरची मींड याच तत्त्वावर चालते, हे आपल्याकडच्या श्रोत्याला वेगळे सांगायला नको. टॅबमध्ये यासाठी वर जाणारा एक बाण असतो. पण पडद्यावरचा सूर कारागिराने आधीच ठरवून दिलेला असतो आणि ओढलेल्या तारेचा सूर कोणीच ठरवून दिलेला नसतो. तो वादकाच्या कानात आधी असावा लागतो. म्हणून पूर्ण स्वराचा बेंड घ्यायचा तर दोन पडदे पुढचा सूर आधी वाजवून ऐकावा, तो गाऊन पाहावा, मग मागे येऊन तार त्या सुरापर्यंत न्यावी. तिसऱ्या बोटाने तार ओढताना मागच्या दोन बोटांनी त्याला आधार द्यावा आणि जोर बोटातून न काढता मनगटाच्या वळणातून काढावा. सूर पोहोचल्यावर मगच व्हायब्रॅटो. पोहोचण्याआधीच तार हलवू लागणे म्हणजे न लागलेला सूर झाकणे होय, आणि ही लबाडी फार लोकप्रिय आहे.

आधी गाऊन पाहावे असे आम्ही म्हणतो त्याला या गाण्यातच एक आधार आहे. पहिला सोलो गिल्मरने स्वतः गायलेल्या ध्रुवपदानंतर लगेच, त्याच स्वरसंगतीवर येतो. गळा थांबतो तिथून तार बोलू लागते. जिथे श्वास घ्यावा असे गायकाला वाटेल, तिथे वाक्य तुटते.

आता स्वच्छतेविषयी. अॅम्प्लिफायरवर डिस्टॉर्शन चढवले की सूर लांबतो, हे सर्वांना ठाऊक असते. पण मोठ्या आणि लहान आवाजांतले अंतरही त्याने कमी होते. चुकून घासलेली शेजारची तार, उचललेल्या बोटाची कुरकुर, हे सारे मुख्य सुराच्या पंक्तीला येऊन बसते. म्हणून एक तार वाजत असताना उरलेल्या पाच गप्प ठेवणे हे दोन्ही हातांचे मोठे काम. जाड तारांवर उजव्या तळव्याची कड टेकलेली, बारीक तारांवर डाव्या तर्जनीचा हलका आडवा स्पर्श. प्रेक्षकाला यातले काही दिसत नाही. चांगल्या संपादकाचे काम तरी कुठे दिसते?

मात्र साहित्याच्या लोकांना एक शंका सुचेल: दुसऱ्याचा सोलो सुरासूर गिरवणे ही नक्कलच नव्हे काय? शिवाय नक्कल कशाची? तबकडीवरचा हा सोलो गिल्मरने एका दमात वाजवलेला नाही. अनेकदा वाजवून, त्यांतले सरस तुकडे निवडून तो जुळवलेला आहे, हे त्यानेच सांगितले आहे. म्हणजे आपण ज्याला मूळ संहिता म्हणतो, ती पाठचिकित्सेच्या भाषेत संकलित पाठ ठरते. पुढे १९९४ साली लंडनच्या अर्ल्स कोर्टमध्ये त्यानेच दुसरा सोलो कितीतरी लांबवून वाजवला.

तरीही आम्ही गिरवण्याच्याच बाजूचे आहोत. तुकडे निवडताना गिल्मरने जे टाकले असेल ते ऐकायला मिळत नाही. पण जे ठेवले ते का ठेवले असावे, याचे उत्तर ते बोटांनी पुन्हा घडवताना थोडेफार कळू लागते. नुसत्या श्रवणाने ते कळत नाही. स्वतःची 'शैली' शोधायची म्हणून ही पायरी ओलांडणारे बहुधा आपल्या बोटांच्या सवयींनाच शैली म्हणू लागतात. चार महिन्यांत दहा गाणी बसवून देण्याचा वायदा करणाऱ्या शिकवण्या या सवयींना खतपाणीच घालतात. आमचे म्हणणे विचाराल तर पहिल्या सोलोतली पहिली दोन वाक्ये महिनाभर पुरतील. ती आधी डिस्टॉर्शन पूर्ण बंद करून वाजवावीत, म्हणजे सूर किती लवकर विझतो ते कळेल. मग ते चढवून वाजवावीत, म्हणजे इतर पाच तारा काय करत होत्या ते कळेल.