गीते त्यांची, मालकी दुसऱ्यांची

कलावंताला कीर्ती लाभली की त्याच्या पदरात सर्व काही पडले, अशी एक सार्वत्रिक समजूत आहे. ती किती भाबडी आहे हे पाहायचे असेल, तर विसाव्या शतकातील सर्वांत यशस्वी गायकवृंदाच्या, म्हणजे बीटल्सच्या, कारकीर्दीकडे त्यांच्या करारपत्रांच्या बाजूने पाहावे. लिव्हरपूलच्या या चार तरुणांवर विपुल लिहिले गेले आहे. त्यांचे केस, त्यांचे कपडे, त्यांचे विवाह, महर्षी महेश योगी यांच्याकडे हृषीकेशला जाणे आणि अखेरची फाटाफूट यांची चर्चा आजही चवीने होते. परंतु ज्या गीतांमुळे हे सारे घडले, त्या गीतांची मालकी जॉन लेनन व पॉल मॅकार्टनी या दोघांच्या हातून त्यांनी तिशी गाठण्यापूर्वीच गेली होती, याची चर्चा त्या मानाने कमी होते. वास्तविक या कथेतील खरा बोध तेथेच आहे.

१ जानेवारी १९६२ रोजी डेक्का कंपनीने या वृंदाची चाचणी घेतली आणि त्यांना नाकारले. त्याच वर्षी ईएमआय कंपनीच्या पार्लोफोन शाखेचे प्रमुख जॉर्ज मार्टिन यांनी त्यांना पदरी घेतले. करार असा होता, की एका तबकडीमागे चौघांना मिळून एक पेनी मिळावी. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पाव पेनी. त्याच वर्षी नकार पचवलेल्या मुलांनी अशा कराराची घासाघीस करावी ही अपेक्षाच व्यर्थ होती. ऑक्टोबर १९६२ मध्ये ‘लव्ह मी डू’ ही त्यांची तबकडी निघाली. ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात त्यांनी आपल्या पहिल्या दीर्घ ध्वनिमुद्रिकेतील दहा गीते मुद्रित केली. त्यानंतर चौदा महिन्यांच्या आत, ४ एप्रिल १९६४ रोजी, अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’च्या यादीत पहिले पाचही क्रमांक त्यांचे होते. या काळात मार्टिन हेही कंपनीचे पगारी नोकरच होते. त्यांच्या कानाने आणि कल्पकतेने कंपनीची तिजोरी भरत होती. पण त्या तिजोरीत त्यांचा वाटा नव्हता. १९६५ मध्ये ते नोकरी सोडून स्वतंत्र झाले, यात नवल नाही.

बीटल्सची थोरवी केवळ लोकप्रियतेत नाही. २९ ऑगस्ट १९६६ रोजी सॅनफ्रान्सिस्को येथे त्यांनी आपला शेवटचा तिकीट लावलेला कार्यक्रम केला आणि रंगमंचाकडे पाठ फिरवली. प्रेक्षकांच्या किंकाळ्यांत त्यांना स्वतःचेच गाणे ऐकू येईनासे झाले होते. त्यानंतर लंडनच्या ॲबे रोडवरील ध्वनिमुद्रणगृह हीच त्यांची कार्यशाळा बनली. केवळ चार पट्ट्यांच्या यंत्रावर थरावर थर चढवीत त्यांनी १९६७ मध्ये ‘सार्जंट पेपर’ ही ध्वनिमुद्रिका सिद्ध केली. पहिल्या ध्वनिमुद्रिकेला एक दिवस पुरला होता. हिला काही महिने लागले. गाणे आधी रचावे, मैफलीत गावे आणि मग त्याची नोंद म्हणून मुद्रण करावे, हा क्रम त्यांनी उलटा केला. मुद्रण हीच रचना झाली. हे कलेच्या दृष्टीने जेवढे क्रांतिकारक होते, तेवढेच व्यवहाराच्या दृष्टीने जोखमीचे होते. कारण मैफलीची बिदागी थांबल्यावर या चौघांची सारी पुंजी त्या फितीवर आणि त्या स्वररचनांतच साठत गेली. आणि त्या स्वररचनांचे मालक दुसरेच होत होते.

ही मालकी कशी गेली, ते पाहण्यासारखे आहे. १९६३ च्या आरंभी प्रकाशक डिक जेम्स यांनी ‘नॉर्दर्न साँग्ज’ नावाची कंपनी स्थापन केली. लेनन व मॅकार्टनी यांना तीत प्रत्येकी २० टक्के, त्यांचे व्यवस्थापक ब्रायन एप्स्टाइन यांना १० टक्के आणि उरलेला भाग व नियंत्रण जेम्स व त्यांच्या भागीदाराकडे, अशी वाटणी होती. १९६५ मध्ये करभार हलका करण्याच्या हेतूने ही कंपनी लंडनच्या शेअर बाजारात उतरविण्यात आली. दोघा गीतकारांचा हिस्सा आता प्रत्येकी १५ टक्क्यांवर आला. कर वाचला, पण आपली गीते आपण बाजारात विक्रीला मांडली आहेत, याचे भान कितपत राहिले असेल? ऑगस्ट १९६७ मध्ये एप्स्टाइन यांचे अकाली निधन झाले आणि व्यवहाराची सूत्रे सांभाळणारे कोणी उरले नाही. मार्च १९६९ मध्ये जेम्स व त्यांच्या भागीदाराने आपला हिस्सा सर ल्यू ग्रेड यांच्या एटीव्ही कंपनीला, गीतकारांना न विचारता, विकून टाकला. दोघांनी उरलेले भाग मिळवून कंपनी ताब्यात घेण्याचा प्रयत्न केला. तो फसला आणि त्याच वर्षी त्यांना आपलेही भाग त्याच कंपनीला विकावे लागले. पुढच्या वर्षी वृंद फुटला आणि उरलेले भांडण न्यायालयात गेले.

पुढचा इतिहास एखाद्या जमिनीच्या खरेदीखतांसारखा आहे. १९८५ मध्ये मायकेल जॅक्सन यांनी एटीव्हीचा संगीतसंग्रह ४ कोटी ७५ लाख डॉलरना विकत घेतला. संगीताच्या प्रकाशनहक्कांत पैसा आहे, हे त्यांना मॅकार्टनी यांनीच सांगितले होते, हा त्यातील दैवदुर्विलास! १९८७ मध्ये ‘रेव्होल्यूशन’ या लेनन यांच्या गीताचे मूळ मुद्रण नाइकी कंपनीच्या बुटांच्या जाहिरातीत वाजू लागले. मालकांची संमती होती, म्हणून ते वाजले. बीटल्सच्या स्वतःच्या ‘ॲपल’ कंपनीला फिर्याद करावी लागली. १९९५ मध्ये जॅक्सन यांनी सोनी कंपनीशी भागीदारी केली आणि २०१६ मध्ये त्यांच्या वारसांचा निम्मा हिस्सा सोनीने ७५ कोटी डॉलरना घेतला. क्रांतीचे गीत असो वा विरहाचे, त्याचे सातबारे फिरत राहिले.

यावर कोणी म्हणेल, यात अन्याय तो कोणता? प्रकाशकाने धोका पत्करला होता; अनोळखी मुलांना आरंभी दूरचित्रवाणीवर संधीही जेम्स यांनीच एका दूरध्वनीवर मिळवून दिली होती. गीतकार म्हणून मिळणारे स्वामित्वधन दोघांना पुढेही मिळत राहिले आणि ते काही दारिद्र्यात गेले नाहीत. हे सर्व खरे आहे. प्रकाशकाचा मोबदला कोणी नाकारीत नाही. परंतु मोबदला आणि कायमची मालकी यांत अंतर आहे. धोका एकदा पत्करायचा आणि फळ मात्र पिढ्यान्‌पिढ्या खायचे, हा न्याय शेतात खंडकरी कुळाला लावला, तर आपण त्याला सावकारी म्हणतो. शिवाय हे जगातील सर्वांत यशस्वी गीतकार होते. त्यांच्या हाती पैसा होता, वकील होते, जगाचा कान होता. तरी ते हरले. मग ज्याच्या हाती यांपैकी काहीच नाही, त्या सामान्य गायकवादकाची काय कथा?

त्याच वृंदात याला एक उतारा होता. जॉर्ज हॅरिसन यांना त्या जोडगोळीच्या तुलनेत दुय्यम गीतकार मानले जाई. नॉर्दर्न साँग्जशी असलेल्या आपल्या नात्यावर त्यांनी ‘ओन्ली अ नॉर्दर्न साँग’ हे उपरोधिक गीतच लिहिले. १९६८ मध्ये त्यांचा करार संपला. त्यांनी त्याचे नूतनीकरण केले नाही. आपली गीते आपल्याच ‘हॅरिसाँग्ज’ या कंपनीकडे ठेवली. १९६९ च्या ‘ॲबे रोड’मधील ‘समथिंग’ आणि ‘हिअर कम्स द सन’ ही त्यांची दोन प्रख्यात गीते त्यामुळेच त्या लिलावातून वाचली. येथे प्रतिभेपेक्षा कराराची मुदत उपयोगी पडली.

याच हॅरिसन यांच्यामुळे या कथेचा एक धागा मुंबईशी जुळतो. १९६६ च्या ‘रिव्हॉल्व्हर’ या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर तबलावादक म्हणून अनिल भागवत यांचे नाव छापले गेले. पुढल्याच वर्षी ‘सार्जंट पेपर’मधील ‘विदिन यू विदाउट यू’ या गीतात दिलरुबा, तबला व तंबोरा वाजविणाऱ्या लंडनमधील भारतीय वादकांची नावे मात्र वेष्टनावर आली नाहीत. पन्नास वर्षांनी, २०१७ मध्ये, अभ्यासकांना ती शोधून काढावी लागली. जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन यांनी मुंबईच्या हिज मास्टर्स व्हॉइसच्या ध्वनिमुद्रणगृहात शिवकुमार शर्मा, आशिष खाँ आदी वादकांसह काम केले. ‘वंडरवॉल म्युझिक’ या ध्वनिमुद्रिकेवर त्या वादकांचा नामनिर्देश झाला, हे हॅरिसन यांना भूषणावह आहे. परंतु नामनिर्देश हा कोणाच्या सौजन्याचा विषय असावा, की कलावंताच्या हक्काचा?

हा प्रश्न कायद्यानेच सुटू शकतो, कलावंताच्या शहाणपणाने नव्हे. अमेरिकेच्या १९७६ च्या कायद्यात अशी तरतूद आहे, की ठरावीक काळानंतर, जुन्या कृतींच्या बाबतीत ५६ वर्षांनी, लेखकाला विकलेला हक्क परत मागता येतो. तिच्या आधारे मॅकार्टनी यांनी २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात सोनीविरुद्ध दावा लावला आणि त्याच वर्षी तो खाजगी तडजोडीने मिटला. त्याआधी डिसेंबर २०१६ मध्ये ड्युरान ड्युरान या दुसऱ्या इंग्लिश वृंदाला लंडनच्या न्यायालयात याच प्रश्नावर हार पत्करावी लागली होती. इंग्लंडमध्ये केलेला करार अमेरिकेतील हक्कापेक्षा वरचढ ठरला होता. आपल्याकडे १९७७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने चित्रपटगीतांवरील संगीतकार व गीतकारांचा हक्क निर्मात्याच्या पदरी घातला होता. २०१२ च्या दुरुस्तीने ते चित्र पालटले. स्वामित्वधनातील समान वाट्याचा हक्क वारस व हक्कसंस्था यांखेरीज कोणाला लिहूनच देता येणार नाही, असे संसदेने ठरविले. ही दुरुस्ती स्तुत्य होती. परंतु मालकीच परत मागण्याचा, अमेरिकेसारखा मुदतबंद अधिकार आपल्या कलावंतांना अद्याप मिळालेला नाही.

तो आता निकडीचा झाला आहे. २ नोव्हेंबर २०२३ रोजी ‘नाऊ अँड देन’ हे बीटल्सचे अखेरचे गीत प्रसिद्ध झाले. लेनन यांनी घरी पियानोवर गाऊन ठेवलेल्या जुन्या फितीतून त्यांचा आवाज यंत्राने वेगळा काढला होता. १९८० मध्ये हत्या झालेल्या माणसाचा आवाज ४३ वर्षांनी निर्मळ ऐकू आला, तो त्याच्या सहकाऱ्यांच्या व वारसांच्या संमतीने. पण हेच यंत्र उद्या संमतीवाचूनही कोणाचाही आवाज घडवू शकते. म्हणूनच २०२५ च्या आरंभी मॅकार्टनी यांनी ब्रिटिश सरकारच्या प्रताधिकारविषयक प्रस्तावांवर जाहीर टीका केली. आज करारपत्रावर सही करणाऱ्या तरुण गायकाला उद्याच्या यंत्राची कल्पना नसते, जशी १९६३ मधील दोन तरुणांना शेअर बाजाराची नव्हती. भोळेपणा हा गुन्हा नव्हे आणि त्याची शिक्षा जन्मठेपेची असू नये. ज्याने गाणे केले त्याला, कितीही उशिरा का होईना, ते परत मागता आले पाहिजे. एवढे साधे तत्त्व कायद्याच्या पुस्तकात उतरेपर्यंत टाळ्या कलावंताच्या आणि मिळकत दुसऱ्याची, हा व्यवहार चालूच राहील.